मिठाची चिमूट आणि घोकंपट्टी

संपादक महोदय,

माझी नववीतली मुलगी परवा 'आयनिक बंध, सहसंयुज बंध' अशी अणू एकमेकांना जोडले जाण्याच्या प्रकारांची नावं नुसती घोकत बसली होती, अर्थ विचारला तर गप्प. मग ओट्यावरचं मीठच पुढ्यात ठेवलं. म्हटलं, मीठ म्हणजे सोडिअम आणि क्लोरिन; सोडिअमच्या अणूत इलेक्ट्रॉनची कक्षांमधली मांडणी २, ८, १ आणि क्लोरिनची २, ८, ७, म्हणजे याचा एक जास्तीचा न् त्याला आठ भरायला एकच कमी, मग हा इलेक्ट्रॉन देतो तो घेतो, एक धन एक ऋण झाला की चिकटलेच की, हाच आयनिक बंध! पाण्यात मात्र ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, तो सहसंयुज बंध. साखरेतही असंच वाटून घेणं; ती कढईत लगेच पाघळते पण आयनिक बंधाचं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतं, हे ऐकून तिने स्वतःच कढई चढवली (करपलेली कढई मीच घासली). शाळेत मात्र फळ्यावरची व्याख्या उतरवून घ्या, बस्स.

एक पालक, सातारा