१५२४० पुन्हा उगवला

प्रिय मंदार,

दिवाळीपासून फोनही नाही, त्याबद्दलच्या शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. लिहितोय ते एकाच कारणाने: एसक्यूएल सर्व्हरचा एरर १५२४०. घरी कुणाला सांगणार?

नव्या सर्व्हरवरून टीडीईचं, म्हणजे डेटाबेस डिस्कवर कुलूपबंद ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनचं, सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की (कुलपाची किल्लीच) रात्री शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरवर, काढणारा जॉब पडतोय. 'फाइलमध्ये लिहिता येत नाही.' पोरं जॉबच्या मालकाच्या परवानग्या चाळताहेत, कारण त्यांच्या एक्सप्लोररमध्ये शेअर झकास उघडतो. अरे, ती फाइल जॉब चालवणारा एजंट लिहीत नाही, लॉगिन केलेला माणूसही नाही. लिहितं ते डेटाबेस इंजिन ज्या अकाउंटखाली चालतं ते, त्याचं सर्व्हिस अकाउंट. इथे ते व्हर्च्युअल, म्हणजे विंडोजने आपोआप बनवलेलं आहे, म्हणजे नेटवर्कवर त्याची ओळख मशीनची, शेवटी डॉलर असलेल्या नावाची. त्याच नावाला शेअरवर आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरच्या परवानग्यांत), दोन्हीकडे लिहिण्याचा हक्क हवा. ग्रुपमधून दिला तर मशीनचं जुनं केर्बेरॉस तिकीट (डोमेनने दिलेला ओळखीचा पास) सुटेपर्यंत लागू होत नाही, रीस्टार्ट केलेला बरा. कुणीतरी झेड ड्राइव्ह मॅप करूनही पाहिला! तो त्याच्या सेशनपुरता, सर्व्हिसला कुठला दिसायला.

एवढं केलं की जॉब एक रात्र हिरवा आणि दुसऱ्या रात्री परत १५२४०. परवानगी तीच, पण त्या नावाची फाइल आधीच पडलेली असते आणि सर्टिफिकेट काढणारी BACKUP CERTIFICATE ही कमांड जुन्या फाइलवर लिहीत नाही. नावात तारीख-वेळ घालायची, तर ही कमांड पाथला व्हेरिएबल घेत नाही. मग डायनॅमिक एसक्यूएल, म्हणजे अख्खी कमांड मजकूर म्हणून जोडून चालवायची, आणि पासवर्डात एकेरी अवतरण असेल तर ते दोनदा.

हे सगळं निस्तरेल. झोप उडालीय ती वरून आलेल्या उपायाने: 'एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या.' त्याच शेअरवर डेटाबेसचे बॅकअप, शेजारी प्रायव्हेट की, आणि तिचा पासवर्ड जॉबच्या स्टेपमध्ये उघडा. दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली! की वेगळ्या शेअरवर, पासवर्ड तिसरीकडेच, हे पटवायचंय.

तू म्हणशील, आधी लोकल डिस्कवर काढ, मग शेअरवर कॉपी. तुझं ते जुनंच. लोकल डिस्कवर की पडून राहते, वर कॉपी करणाऱ्या अकाउंटला ती वाचायचा हक्क वेगळा द्यावा लागतो. मला पटत नाही, पटणारही नाही. सर्टिफिकेट एक्सपायर झालं की डेटाबेस बंद पडेल, यावरून तू किती भांडलास! टीडीई ती तारीख बघतही नाही. चहा अजून बाकी आहे.

आणि सर्टिफिकेट बदललं म्हणून पोरांनी जुनं उडवायला घेतलंय. जुने बॅकअप आहेत तोवर तेही ठेवावंच लागतं, नाहीतर रिस्टोअरला 'सर्टिफिकेट सापडत नाही' हा एरर ३३१११ ठरलेला. प्रायव्हेट की शेवटची कधी काढली ती तारीख सिस्टीम दाखवते, पण ती फाइल वाचली जाते की नाही हे दुसऱ्या सर्व्हरवर सर्टिफिकेट उभं करूनच कळतं. ते तपासणारी तुझी स्क्रिप्ट अजून असेल तर पाठव, पासवर्ड काढून!

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली झाली? काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास