सोमवारचं इंजेक्शन घेऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सोमवारचं इंजेक्शन घेऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आधी.

तीन महिने तुझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही, याची लाज वाटते. तरीही तू रिपोर्ट मलाच पाठवलास, हे बरं केलंस. इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा दुखतोच. घराचा ताबा मिळाला का? अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर कळव. पण रिपोर्टच्या फोटोखाली ‘टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, जिमवाला म्हणतो इंजेक्शन घे, काउंटपण वाढेल’ हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

शुक्राणूंचा काउंट वाढणार नाही, संपेल. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, लागतं, आणि तिथलं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. ते तिथल्या तिथेच बनतं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे हार्मोन आलं की. बाहेरून टोचलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आता पुरे. एलएच थांबतं, त्याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन एफएसएच थांबतं आणि शुक्राणू बनणंही थांबतं. रक्ताचा रिपोर्ट सुरेख येतो, अंगात जोर वाटतो, दंड भरतात, आणि इकडे वीर्यात शुक्राणूच नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने हेच औषध पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांपैकी १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर गेले. जे औषध मूल होऊ नये म्हणून तपासलं गेलं, ते तू मूल व्हावं म्हणून घ्यायला निघाला आहेस. थांबवल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष, काहींना दोन. वहिनी चौतीसच्या आहेत. ती दोन वर्षं तुमच्याकडे नाहीत.

आणि एखादा डोस आधीच टोचून झाला असेल तर लपवू नकोस. एका डोसने सगळं उद्ध्वस्त होत नाही. पुढचा घेऊ नकोस, आणि डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा, तारीख सांग. राजगडावर पाणी किती न्यायचं यावरून आपण दोन महिने बोललो नव्हतो, आठवतं? तेव्हा तू ऐकलं नाहीस. या वेळी ऐक.

आता तुझे आकडे. उंची १७२, वजन १०४, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५. आपल्याकडच्या माणसांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. तुझी ११२ आहे. टेस्टोस्टेरॉन २१०, एस्ट्रॅडिओल ४८, एलएच २.६, एफएसएच ३.१. या चार आकड्यांतून तुझी सगळी गोष्ट कळते. पोटाच्या चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रोजेन करतं; एस्ट्रॅडिओल हा त्याचाच प्रकार. चरबी जास्त तर हे रूपांतर जास्त, आणि एस्ट्रोजेन वाढलं की तेही मेंदूला ‘पुरे’ असाच निरोप देतं. टेस्टोस्टेरॉनला एस्ट्रॅडिओलने भाग दे: २१० भागिले ४८, साधारण ४.४. हा भागाकार दहाच्या वर हवा. मात्र एफएसएच चढलेलं नाही, ही खरी चांगली बातमी. वृषणंच निकामी होत असती तर पिट्युटरीने ओरडून ओरडून एफएसएच वाढवलं असतं. तुझ्या वृषणांना काम करायचं आहे, वरून हुकूमच येत नाहीये.

त्यातही हा २१० चा आकडा मला पक्का वाटत नाही. रक्त दुपारी चार वाजता दिलंस, तेही जेवून. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि जेवणानंतर खाली जातं. सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासायचं. सोबत एसएचबीजी, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन, तपासायला सांग. जाड माणसात इन्सुलिन वाढलेलं असतं, त्यामुळे हे वाहक प्रथिन घटतं, आणि एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी येतो, मोकळं टेस्टोस्टेरॉन तितकं कमी नसलं तरी. प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच एक हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिव्हरच्या तपासण्याही त्याच वेळी उरकून घे.

वीर्याचा रिपोर्ट: १.८ मिली, ९ दशलक्ष प्रति मिली, पुढे सरकणारे २२ टक्के, नॉर्मल आकाराचे ३ टक्के. खालच्या मर्यादा आहेत १.४ मिली, १६ दशलक्ष, ३० टक्के आणि ४ टक्के. कमी आहे, पण शून्य नाही, आणि एका नमुन्यावर कुणीही निदान करू नये. तू लिहिलंस की पहिले थेंब डबीबाहेर पडले. पहिल्याच भागात सर्वांत जास्त शुक्राणू असतात, म्हणून तो नमुना बादच धर. पुन्हा देताना मधे दोन ते सात दिवसांचं अंतर ठेव, दोन्ही नमुन्यांना शक्यतो सारखंच. तेल, क्रीम, थुंकी काही नको; साधा कंडोमही नको, त्याच्या रबरातले आणि वंगणातले पदार्थ शुक्राणूंची हालचाल बिघडवतात. घरून नेणार असशील तर डबी शर्टाच्या आत अंगाला लावून ने आणि तासाच्या आत पोचव. तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांग, तापाने काउंट पडतो.

हे तीन महिने नीट लक्षात ठेव. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस, वर बाहेर यायला दहा-बारा दिवस. आज केलेला बदल तीन महिन्यांनी रिपोर्टात दिसतो. पंधरा दिवस भाकरी-ताकावर राहून पुन्हा तपासायचं आणि ‘काही फरक नाही’ म्हणून मिसळीवर तुटून पडायचं, असं करू नकोस. तू हे करशील याची मला खात्री आहे, मेसच्या काळापासून ओळखतो तुला!

वजन उतरवून काउंट वाढतो का, हे विचारलंस. डेन्मार्कमधला २०२२ साली आलेला एक अभ्यास आहे. ५६ लठ्ठ पुरुषांना आठ आठवडे रोज ८०० कॅलरींचा आहार दिला. सरासरी साडेसोळा किलो उतरले आणि शुक्राणूंची दाटी जवळपास दीडपट झाली. वर्षभर ज्यांनी वजन परत चढू दिलं नाही, त्यांचा फायदा टिकला. पण ८०० कॅलरी घरी स्वतःच्या मनाने करायचं काम नाही, तिथे डॉक्टर पाठीशी होते. तू रोजच्यापेक्षा ५०० ते ७५० कॅलरी कमी कर, आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो. चार-पाच महिन्यांत १०-१२ किलो पुष्कळ झाले. सुरुवात चहापासून. सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दोनशे कॅलरी तर पितोसच. संध्याकाळचा वडापाव, आणखी तीनशेच्या आसपास. एवढ्या दोन गोष्टींतच पाचशे सुटतात, जेवणाला हातही लागत नाही. प्रत्येक जेवणात उसळ, अंडी, मासे किंवा पनीर असू दे, भात वाटीभर. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल इतकं चालणं आणि दोन-तीन दिवस वजनं उचलणं, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झडतात. जिम सोडू नकोस, जिमवाल्याचं औषध सोड. त्याचा तो बिनलेबलचा डबाही टाकून दे. असल्या पावडरींत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

मोंजारो, वेगोवीचं म्हणशील तर ती वजन उतरवायची इंजेक्शनं भुकेवर काम करतात, टेस्टोस्टेरॉनसारखी वृषणं बंद पाडत नाहीत. साखर वाढलेली निघाली तर डॉक्टर स्वतःहून विषय काढतील. पण असं इंजेक्शनचं पेन तुमच्या फ्रिजमध्ये आलं तरी वहिनींनी ते वापरायचं नाही. गर्भ राहायच्या किमान दोन महिने आधी त्यांच्या शरीरात ते नसलं पाहिजे. बॅरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या, सर्जरीची एवढ्यात घाई नको. तिने टेस्टोस्टेरॉन वाढतं, पण वेगाने उतरणाऱ्या वजनात आणि जीवनसत्त्वांच्या कमतरतेत काहींचा काउंट आणखी घसरतो. कधी ठरलंच तर आधी वीर्य गोठवून ठेव.

घोरण्याबद्दल वहिनी हसत हसत बोलल्या होत्या, मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. झोपेत श्वास अडकतो का, दुपारी गाडी चालवताना पेंग येते का? स्लीप स्टडी करून घे. झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप मशीनने एकट्याने हार्मोन वाढतील असं नाही, पण झोप लागली की सकाळी उठून चालायला अंगात जीव राहतो.

वजन उतरेपर्यंत एलएच जागं करायला डॉक्टर क्लोमिफिन २५ मिलिग्रॅम देऊ शकतात. तुझा भागाकार बघता अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोलही देतील, ती अरोमाटेजलाच अडवतात. पुरुषांमध्ये ही औषधं बहुतेकदा मंजूर वापराच्या यादीबाहेर (ऑफ-लेबल) दिली जातात, म्हणून महिन्याभराने रक्त तपासलंच पाहिजे. क्लोमिफिनवर डोळ्यांसमोर ठिपके दिसले, धूसर दिसलं तर त्याच दिवशी बंद. ‘काउंट वाढवणाऱ्या’ महागड्या गोळ्यांवर पैसे घालवू नकोस. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड अमेरिकेत २३७० जोडप्यांत तपासलं, २०२० मध्ये निकाल आला: वीर्य सुधारलं नाही, मुलंही जास्त झाली नाहीत.

तपासणी मात्र हाताने झालीच पाहिजे, उभं करून. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, हाताला लागलं तरच ऑपरेशनचा विचार. नुसतं सोनोग्राफीत दिसलं म्हणून कापून घेऊ नकोस.

आणि बंड्या, एक गोष्ट रागाने लिहितो आहे. दोन वर्षं वहिनींच्याच तपासण्या झाल्या, त्यांनाच काकूंनी सोळा सोमवार सांगितले, आणि तुझा पहिला रिपोर्ट आत्ता निघाला. काकूंना तू स्वतः सांग, आपल्या तोंडाने. वहिनींची एएमएच (अंडाशयात बीजं किती उरली याचा अंदाज देणारी) आणि गर्भनळ्यांची तपासणी याच महिन्यात होऊ दे, तुझं वजन उतरायची वाट बघत नको. सहा महिने ठरवून घ्या. तोवर गर्भ राहिला नाही तर आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) की इक्सी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू स्त्रीबीजात टोचणं), हे लॅबमध्ये धुतलेल्या नमुन्यातल्या हलत्या शुक्राणूंवर ठरवता येईल.

उद्या सकाळी आठला उपाशीपोटी लॅबमध्ये जा. रिपोर्ट आला की फोन कर, कितीही वाजले तरी उचलेन.

तुझा,
नाना

ता. क. कढत पाण्याच्या टबात बसणं आणि मांडीवर लॅपटॉप, दोन्ही बंद. वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहायला हवीत, आणि मांड्यांच्या चरबीने तुझी आधीच तापलेली आहेत. तंबाखूची पुडीही दे टाकून. कुठे ठेवतोस ते मला माहीत आहे.