स्वल्पविराम आणि म्हापशाचा मामा

महोदय,

आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातीची इंग्रजी व्याकरणाची उत्तरपत्रिका नुकतीच पाहण्यात आली. ‘माय अंकल हू लिव्ह्ज इन मापुसा इज अ टेलर’ या वाक्यात विरामचिन्हे घालायची होती. तिने मध्ये एकही स्वल्पविराम दिला नव्हता; तपासणाऱ्यांनी लाल शाईने ‘अंकल’नंतर एक आणि ‘मापुसा’नंतर एक असे दोन स्वल्पविराम घालून गुण कापला. नातीला मामा तीन. शिवणकाम करणारा म्हापशाला असतो, उरलेले दोघे मडगावला. कोणता मामा ते कळावे म्हणून उपवाक्य आले असेल तर इंग्रजीत स्वल्पविराम देत नाहीत. मामा एकच असेल आणि त्याचा ठावठिकाणा जाता जाता सांगायचा असेल, तर दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो. मामा किती, हे न सांगता एकच उत्तर बरोबर धरणे चूक आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी अशा वाक्याआधी संदर्भाची एक ओळ द्यावी, अशी माझी विनंती आहे.

वास्तविक, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या आपल्या गोव्यातील मुलांना हा भेद नव्याने शिकवावा लागू नये. ‘माझा जो मामा म्हापशाला असतो, तो शिंपी आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा इतर मामा गृहीतच असतात. मामा एकच असेल तर ‘माझा मामा शिंपी आहे, म्हापशाला असतो’ असे सांगून मोकळे होतो. अडचण एवढीच की मराठीत ‘तो’च्या आधी स्वल्पविराम येतो आणि नेमका तिथेच इंग्रजीला तो चालत नाही. ही खोच वर्गात सांगितलीच जात नाही. त्याऐवजी ‘व्हिच’ दिसले की स्वल्पविराम द्यावा, असा ठोकताळा मुलांना दिला जातो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘व्हिच’ दोन्ही प्रकारच्या उपवाक्यांत चालते, त्यामुळे हा ठोकताळा फसवा आहे. ‘द कॅश्यू ट्रीज व्हिच वेअर ड्राय वेअर कट’ म्हणजे वाळलेली तेवढीच काजूची झाडे तोडली. त्यात दोन स्वल्पविराम घातले की सगळी झाडे वाळलेली ठरतात आणि सगळी तोडली जातात.

त्याच पत्रिकेत विशेषणांपासून नामे करण्याचा प्रश्न होता. त्यासाठी मुले लांबलचक तक्ता घोकतात. आपण ‘मोठेपणा’ म्हणतो आणि ‘नम्रता’ म्हणतो, ‘मोठेता’ कोणी म्हणत नाही. देशी शब्दाला ‘पणा’, संस्कृतातून आलेल्याला बहुधा ‘ता’. इंग्रजीतही अस्सल शब्दांना ‘नेस’ लागतो, जसे ‘काइंडनेस’, तर लॅटिन घराण्यातल्या पुष्कळ शब्दांना ‘इटी’, जसे ‘प्युरिटी’. ‘लाँग’चे ‘लेंग्थ’, ‘डीप’चे ‘डेप्थ’ होताना आतला स्वर बदलतो, हेही ‘सुंदर’चे ‘सौंदर्य’ आणि ‘गंभीर’चे ‘गांभीर्य’ करणाऱ्यांना परके वाटू नये. नातीने ‘ट्रू’चे नाम ‘ट्रूथनेस’ असे लिहिले होते. एका नामावर दुसरा प्रत्यय चढवण्याची ही खोड ‘सौंदर्यता’ लिहिणाऱ्या मोठ्या माणसांतही आढळते. तो गुण कापला, ते योग्यच झाले. म्हापशाच्या मामाचा मात्र परत मिळायला हवा.

– एक निवृत्त शिक्षक, डिचोली