चवदार तळ्याच्या शताब्दीदिनी पाणपोईसाठी आवाहन

धम्मबंधू आणि भगिनींनो, सप्रेम जयभीम.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले आणि त्यांच्यापाठोपाठ महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या जनसमुदायाने ते प्यायले, त्या घटनेला २० मार्च २०२७ रोजी १०० वर्षे पूर्ण होत आहेत. या दिवशी दरवर्षी दूरदूरचे उपासक-उपासिका महाडला येतात, बुद्धवंदना करून त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात आणि तळ्याचे ओंजळभर पाणी घेतात. त्या पाण्यात कोणतीही दैवी शक्ती आहे असे आपण मानत नाही. माणूस म्हणून ते पिण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी मार खाऊन मिळवला, म्हणून ते आपल्याला वंदनीय आहे.

या प्रसंगातील एक गोष्ट आमच्या समितीला फार महत्त्वाची वाटते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक आणि विधिमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले झाल्याचे जाहीरही केले होते. तरीही १९२७ च्या परिषदेला आलेल्या प्रतिनिधींना तहान भागवण्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. हाकेच्या अंतरावर तळे भरलेले होते. पाणी प्यायल्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

म्हणूनच, जिथे आपल्या माणसांना पाणी विकत घ्यावे लागले, तिथे शताब्दीच्या दिवशी येणाऱ्या एकाही माणसाला, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो, पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागू नये, असा निर्धार आमच्या बुद्धविहार समितीने केला आहे. मार्चमधील कोकणचा उकाडा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे काम किती निकडीचे आहे ते वेगळे सांगायला नको. वयोवृद्ध माता आणि कडेवरची लेकरे तासन्‌तास रांगेत उभी असतात. ओंजळभर पाण्याने अभिवादन होते. दिवसभराची तहान भागायला स्वच्छ, गाळलेले पाणी वेगळेच लागते.

१९ मार्चच्या सकाळपासून २० मार्चच्या रात्रीपर्यंत ही पाणपोई अखंड चालवायची आहे. त्यासाठी पाण्याचे टँकर, तोट्या बसवलेली पिंपे, स्टीलचे पेले आणि सावलीसाठी मांडव यांची गरज आहे. प्लास्टिकच्या बाटल्या कृपया देऊ नयेत. गेल्या काही वर्षांत त्यांचा खच तळ्याच्या परिसरात पाहून आम्हाला अतिशय वाईट वाटले आहे. पेले धुण्यासाठी, रांगेतील वृद्धांना जागेवर पाणी नेऊन देण्यासाठी आणि २१ तारखेला परिसर झाडून स्वच्छ करण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. या शेवटच्या कामाला नावे फार कमी येतात, तेव्हा तरुणांनी त्याचा आधी विचार करावा. डॉक्टर, परिचारिका यांनी एक पाळी दिली तरी मोठा आधार होईल.

ज्यांना आर्थिक दान द्यायचे आहे त्यांनी ते फेब्रुवारी २०२७ अखेरपर्यंत विहाराच्या कार्यालयात आणून द्यावे आणि पावती अवश्य घ्यावी. रकमेचे कोणतेही बंधन नाही. जमाखर्चाचा संपूर्ण हिशेब एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीपूर्वी, विहाराच्या फलकावर लावण्यात येईल.

आपली नम्र,
बुद्धविहार समिती