जाळरेषेवरच्या माणसांसाठी : सभासद व हितचिंतकांना तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

ताडोब्यातला आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनपर्यंत चालतो. दिवस थोडे उरलेत, म्हणून सभेची वाट न पाहता तिथल्या वनरक्षक आणि अग्निरक्षकांसाठी साहित्य मागणारे हे पत्र काढत आहोत.

आधी ज्यांचे ऋण आहे त्यांच्याविषयी. मंडळाकडून गेलेले पहिले सोलर दिवे आपल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आईच्या वर्षश्राद्धाच्या खर्चातून दिले. संरक्षण कुटीतल्या (जंगलातल्या मुक्कामाच्या चौकीतल्या) रात्री त्यावर निघाल्या. बसस्थानकाजवळचे गॅरेजवाले काका दर हिवाळ्यात ब्लोअरचे (वाऱ्याने पाला झाडणाऱ्या यंत्राचे) कार्बोरेटर उघडून साफ करतात आणि आजवर मजुरीचा रुपया घेतला नाही. महिला बचत गटाच्या ताईंनी जुन्या गोधड्या धुऊन, ठिगळे लावून पाठवल्या. या सगळ्यांचे पुन्हा एकदा मनःपूर्वक आभार.

नव्या सभासदांसाठी थोडे सविस्तर. वर क्षेत्र संचालक, त्यांच्या हाताखाली कोअर (आतले गाभा क्षेत्र) आणि बफरचे (त्याभोवतालच्या पट्ट्याचे) उपसंचालक, मग सहायक वनसंरक्षक, मग परिक्षेत्राचे आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. परिक्षेत्राचे राउंड, राउंडवर वनपाल. राउंडचे बीट, बीटवर वनरक्षक. सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा कोअर पायाखाली घालतात ते हे वनरक्षक आणि त्यांच्यासोबतचे वनमजूर. पाणवठे तपासणे, शिकारीसाठी लावलेले फासे आणि विजेच्या तारा शोधणे, कॅमेरा ट्रॅप लावणे, चिन्ह सर्वेक्षणात वाघाच्या पाऊलखुणा नोंदणे, हे सगळे पायी. नोव्हेंबर 2021 मध्ये याच सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. गस्त एम-स्ट्राइप्स या मोबाईल ॲपवर नोंदली जाते. मोबाईल बंद पडला की पुढची चाललेली वाट नोंदीत येतच नाही, म्हणून पॉवर बँक मागतो आहोत.

आणि हंगामापुरते येतात ते अग्निरक्षक. गावातलेच, रोजंदारीवर. त्यांना गणवेश नाही, बूट नाहीत. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तिथून आग जंगलात शिरते. तिला अडवायला जाळरेषा, म्हणजे जाळून मोकळा केलेला पट्टा, असतो. हिवाळ्यात गवत कापून, वाळवून, ती हंगामाआधी जाळतात. पण सागाचा आणि बांबूचा पाला नंतरही गळतच राहतो, त्यामुळे तीच रेषा पुन्हा पुन्हा ब्लोअरने झाडावी लागते. यंत्र पाठीवर दहा-अकरा किलोचे, पाळीपाळीने घ्यायचे. धुळीने एअर फिल्टर तुंबतो आणि यंत्र दम टाकते. गेल्या हंगामाचे पेट्रोल-तेलाचे मिश्रण टाकीत राहिले तर कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. पेट्रोलमध्ये मिसळायचे टूटी तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. म्हणून सुटे फिल्टर, स्पार्क प्लग आणि सीलबंद तेल हवे. पैसे देणाऱ्यांना हे किरकोळ वाटते, पण वणव्यापुढे बंद पडलेले यंत्र म्हणजे पाठीवरचे ओझे.

गेल्या वर्षीच्या आवाहनाखाली लाइकचे अंगठे पुष्कळ उमटले, वस्तू फार थोड्या आल्या. सफारीचे फोटो रोज पाहणाऱ्या आपल्याच माणसांकडून हे झाले, ते मनाला लागले. यंदा तसे होऊ नये ही कळकळीची विनंती.

हवे ते : जाड तळव्याचे चामडी बूट (कॅनव्हास नको, रबरी तळ निखाऱ्यावर वितळतो, 4 आणि 5 नंबरही द्या, महिला कर्मचारी आहेत), सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट (नायलॉन अंगाला चिकटते), पॉवर बँक, चार्जिंगच्या बॅटऱ्या (टॉर्च), पाच लिटरचे पाण्याचे कॅन, भाजल्यावरचे मलम, ओआरएस. वापरलेले बूट नकोत. औषधांची मुदत पाहून द्या. रोख रक्कम फक्त कोषाध्यक्षांकडे, पावती घेऊनच. वस्तू मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8, मंगळवार सोडून, जानेवारीअखेरपर्यंत. सगळे सामान परिक्षेत्र कार्यालयात नोंद करूनच पुढे जाईल. कुटीवर कोणीही परस्पर नेऊ नये, कोअरमध्ये विनापरवाना प्रवेश नाही. गाडी देऊ शकणाऱ्यांनी आधी कळवावे.

आपला नम्र,
सचिव