माशीचा फोटो बाजूनेही काढा

संपादक महोदय,

आमच्या खानापूर भागात पोरं हल्ली शेतातल्या किड्यांचे मोबाईलवर झकास फोटो काढतात. पण केसाळ करड्या माशीचा वरून काढलेला एकच फोटो दाखवून ‘सर, ही उझी माशी का?’ म्हणून विचारलं, तर काय सांगणार? रेशीमकिड्यावर अंडी घालणारी ही माशी १९८० साली कर्नाटकात शिरली. तिच्या पाठीवर, म्हणजे पंखांच्या मधल्या भागावर, चार काळे पट्टे असतात, घरमाशीच्याही असतात! बाजूने फोटो घेतला तर पाठीच्या टोकाखालचा फुगवटा दिसतो. तो घरमाशीला नसतो. त्यावरूनही कूळच (दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढणाऱ्या उझीसारख्या माश्यांचा मोठा गट) कळतं; नेमकी जात ठरवायला बहुधा नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. माशी सुरवंटातून निघाली असेल, तर सुरवंट कोणता, कुठल्या झाडावरचा, तेवढं फोटोखाली लिहा.

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर