सरळ न सांगता येणारी गोष्ट

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

कर्ट व्हॉनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ ही कादंबरी अर्ध्यातच बाजूला ठेवलीस म्हणे. तिचा नायक बिली पिलग्रिम घटकेत म्हातारा, घटकेत युद्धकैदी, मध्येच परग्रहावर! लेखकाला धड गोष्ट सांगता येत नाही, ही तुझी तक्रार. अरे, नव्हतीच येत त्याला. वीसेक वर्षं धडपडत होता, तेव्हा कुठे १९६९मध्ये पुस्तक आलं.

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४४मध्ये, अमेरिकन सैनिक असलेला व्हॉनेगट जर्मनांच्या हाती लागला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात त्याला आणि सोबतच्या कैद्यांना ठेवलं कत्तलखान्यात. पुस्तकाला नाव मिळालं ते तिथूनच. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले आणि जमिनीखाली मांस साठवायच्या तळघरात असल्यामुळे ही मंडळी वाचली. नंतर ढिगाऱ्यांतून प्रेतं उपसायचं काम यांच्याच वाट्याला आलं. (पुस्तकातला १,३५,००० मृतांचा आकडा तेवढा धरू नकोस. पुढे इतिहासकारांनी तो जास्तीत जास्त २५,०००पर्यंत खाली आणला.)

पहिल्या प्रकरणात मेरी ओ’हेअर भेटली असेलच. व्हॉनेगटच्या युद्धातल्या मित्राची बायको. हे दोघे जुन्या आठवणी काढायला बसले, तर ती स्वयंपाकघरात आदळआपट करते आणि शेवटी स्फोट होतो तिचा: पोरंटोरं होतात तुम्ही, आणि आता पुस्तकात मर्दगडी म्हणून मिरवणार! व्हॉनेगटनं ते मनावर घेतलं. पुस्तक तिलाही अर्पण केलंय.

म्हणून तर यात कुणी शूरवीर नाही. कैद्यांच्या छावणीत एकजण पोट बिघडून शौचकूपावर विव्हळत बसलेला असतो, आणि लेखक मध्येच सांगतो, तो मीच. स्वतःसाठी त्यानं हीच जागा ठेवली! मला तर हसावं की रडावं कळेना.

तू थांबलास त्याच्या पुढे सिरपच्या कारखान्याचा प्रसंग आहे. तिथेही व्हॉनेगट स्वतः राबला होता. गरोदर बायकांसाठीचं ते पौष्टिक सिरप भुकेले कैदी चमचे लपवून चोरून चाटतात. बिली एक चमचा बुडवून खिडकीबाहेर उभ्या असलेल्या डर्बी या सोबतच्या कैद्याच्या तोंडात घालतो. चाळिशी ओलांडलेला तो शिक्षक क्षणभर थांबतो आणि ढसाढसा रडायला लागतो.

तेवढं पान वाच. मग हवं तर दे ठेवून.

तुझी,
आई